रंग आपला, गोष्ट कुणाची?

सेलू तालुक्यातला देवगाव फाटा आला, की माझ्या जिवाला माहेर आल्यासारखं वाटतं. फाट्यावर उतरायचं, टपरीवर अर्धा कप चहा घ्यायचा आणि काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून गाव गाठायचं. मागच्या दिवाळीनंतर भावाचा असाच फोन आला. "आक्का, रविवारी पोरीला बघायला पाहुणे यायलेत. तू असलीस म्हणजे बरं."

भाची माझी गुणाची. बी.एस्सी. झालेली, बोलायला धीट, हाताला चव. आणि रंगानं सावळी. सावळी हा शब्द मी आत्या म्हणून वापरते आहे. गावात सरळ 'काळी' म्हणतात.

पाहुणे आले. सहा पुरुष, तीन बाया. पोहे झाले, चहा झाला. भाचीला मधोमध खुर्चीवर बसवलं. पूर्ण नाव सांग, शिक्षण किती, मामाचं गाव कोणतं, स्वयंपाक येतो का, उंची किती... ही प्रश्नपत्रिका आपल्यापैकी प्रत्येकीनं सोडवली आहे. माझ्या वेळी होती तशीच ती आजही आहे. मग आत बायकांच्या खोलीत नेल्यावर त्यातल्या एका बाईनं भाचीचा हात धरला, ब्लाउजची बाही कोपराच्या वर सारली आणि म्हणाली, "तोंडाला काय लावलंय ते कळत नाही बाई. खरा रंग दंडावर दिसतो."

बाजारात बैलाचे दात बघतात, तसं.

कुणी काही बोललं नाही. वहिनी बोलली नाही, मी बोलले नाही. पाहुणे गेल्यावर भाचीनं न्हाणीत जाऊन तोंड खसाखसा धुतलं, पावडरीचा पांढरा ओघळ मोरीतून गेला, आणि ती बाहेर येऊन मला म्हणाली, "आत्या, तुला एक पिक्चर दाखवते."

खुर्चीवरची सविता

त्या रात्री आम्ही चौघी, मी, वहिनी, भाची आणि माझी म्हातारी आई, एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलो. पिक्चरचं नाव 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर या दिग्दर्शकानं तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात केला. काम करणारी बहुतेक माणसं तिथली, खरी. सविता झालेली नंदिनी चिकटेही काही नटी म्हणून नावाजलेली नव्हती. २०२३ साली तो कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात गेला, तिथं त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०२५ मध्ये महिला दिनाच्या तोंडावर आपल्याकडं थिएटरात लागला.

गोष्ट काय? गोष्ट अशी काही नाहीच! कापसाच्या शेतकऱ्याची पोरगी. शिकायची हौस, स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा. आणि एकामागून एक येणारी स्थळं. प्रत्येक वेळी तीच खुर्ची, तेच घोळक्यानं बसलेले पुरुष, तेच प्रश्न. सविता रंगानं सावळी, म्हणून तिच्या वाट्याला नकार. सुरुवातीला मात्र एक स्वप्न आहे. त्यात खुर्चीवर मुलगा बसलाय आणि समोर बसून प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या बाया! आम्ही इतक्या हसलो, की भाऊ बाहेरून ओरडला, "काय चाललंय गं?"

पण हळूहळू हसू आटलं. तिसऱ्या-चौथ्या स्थळाला वहिनीनं डोळ्याला पदर लावला. सिनेमात रडारड नव्हती, कुणी मेलं नव्हतं. पण ही खोली आमचीच होती. ती भिंत, तो पोह्यांचा ट्रे, ते बापाचं हात जोडून उभं राहणं. आई पुटपुटली, "हे कुणी बघून ठेवलं होतं गं?"

आईच्या या प्रश्नानं माझी झोप उडवली. आजवर इतके सिनेमे बघितले, पण सावळ्या पोरीच्या खुर्चीवर बसून जग कसं दिसतं, हे कुणी दाखवलं होतं? सिनेमातली सावळी पोरगी म्हणजे नायिकेची मैत्रीण, नाहीतर हसवायला आणलेली मोलकरीण. गरीब शेतकऱ्याच्या घरातली नायिकासुद्धा दुधानं न्हाल्यासारखी. तिच्या तोंडाला उन्हानं कधी हातच लावलेला नाही!

काळ्या चिमणीमागं धावणारं पोरगं

याआधी असं काळजाला भिडलं होतं ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'नं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो थिएटरात लागला. तुमच्यापैकी कित्येकींनी तो नंतर टीव्हीवर बघितला असेल. कैकाडी समाजाचं कुटुंब, गावकुसाला राहणारं, गावाची हलकी कामं करणारं. फँड्री म्हणजे त्यांच्या बोलीत डुक्कर. त्या घरातला जब्या शाळेत जातो आणि वर्गातल्या गोऱ्या, वरच्या जातीतल्या शालूवर जीव टाकतो. आपलं नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावून बसतो. जीन्सची पँट मिळावी म्हणून झुरतो. आणि रानोमाळ एका काळ्या चिमणीमागं धावतो. का, तर त्या चिमणीची राख शालूवर टाकली म्हणजे ती आपल्यावर भाळेल, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

ते पोरगं आपलं नाक, आपले कपडे, आपला रंग, सगळं बदलायला निघालंय. कारण आहे तसं आपण कुणाला आवडणार नाही, हे त्याला लहानपणीच कळून चुकलंय. शेवटी सगळा गाव डुक्कर पकडण्याची गंमत बघत असतो, शालूही हसत असते, आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेले जोतिबा, सावित्रीबाई, बाबासाहेब नुसते बघत राहतात. मग जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडावर येतो.

मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा पोरगा त्यांना जवळच्याच केम गावात दिसला. त्यानं आधी सिनेमात काम केलेलं नव्हतं. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मंजुळेंना पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार.

बायांनो, आपण म्हणू, जब्याचं दुःख जातीचं, आपल्या पोरीचं दुःख रंगाचं. पण दोन्हीची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे', 'अगदी आपल्यातली वाटत नाही' अशी वाक्यं आपण सहज बोलतो. कुणातली वाटत नाही? आणि कुणातली वाटते? आपल्या मनात रंग बघून घराणं ओळखायची जी सवय बसली आहे, तिचं उत्तर देताना आपली जीभ अडखळते.

सात समुद्रापलीकडची तीच गोष्ट

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं. गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली, पण 'गोरं ते चांगलं' हे माप काही संपलं नाही. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय नवरा-बायकोनं लहान लेकरांपुढं दोन बाहुल्या ठेवल्या. एक गोरी, एक काळी, बाकी अगदी सारख्या. चांगली बाहुली कोणती? बहुतेक काळ्या लेकरांनी गोरीकडं बोट दाखवलं. पुढं १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला, तेव्हा या बाहुल्यांच्या अभ्यासाचाही आधार घेतला गेला.

त्यावर तिथल्या लोकांनी स्वतःच सिनेमे केले. 'डार्क गर्ल्स' नावाच्या २०११ च्या माहितीपटात काळ्या रंगाच्या बायका कॅमेऱ्यासमोर बसून आपलं लहानपण सांगतात. बाहेरच्यांनी हिणवलं त्यापेक्षा घरातल्यांनी, आपल्याच समाजानं उजळ बहिणीला जवळ घेतलं आणि आपल्याला लांब ठेवलं, हे त्यांना जास्त लागलेलं. ऐकताना वाटतं, ही आपल्या आळीतलीच कुणीतरी बोलते आहे.

दुसरा एक माहितीपट तर थेट आपल्या अंगणात येतो. २००९ चा 'गुड हेअर'. ख्रिस रॉक या विनोदी नटाला त्याच्या लहान लेकीनं विचारलं, माझे केस चांगले का नाहीत? आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस कुरळे, दाट. तिथं 'चांगले केस' म्हणजे गोऱ्या बाईसारखे सरळ. त्यापायी बायका रसायनं लावतात, डोक्याची आग सोसतात, नाहीतर दुसऱ्याचे केस विकत घेऊन आपल्या केसांत विणून घेतात. आणि ते केस येतात कुठून? शोधत शोधत हा बाबा पोहोचतो आपल्या तिरुपतीला! आपल्याकडच्या गरीब बायांनी नवस फेडायला भक्तिभावानं उतरवलेले केस लिलावात विकले जातात आणि अमेरिकेतल्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसतात. वाहणारीला पैसा नाही, घेणारीला समाधान नाही.

उलट दिशेनं आलेलं एक उदाहरणही सांगते. आपल्या घराघरांत आरशापाशी जी ट्यूब असायची, ती 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून भारतात विकली जात होती. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी कंपनीनं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानंही त्वचेच्या रंगावरून स्थळ निवडायची सोय काढून टाकली. म्हणजे पार तिकडं कुणीतरी ओरडलं, तेव्हा आपल्या फाट्यावरच्या दुकानातल्या ट्यूबवरचं नाव बदललं. मनातलं नाव मात्र तेच राहिलं. आजही दुकानात ती ट्यूब जुन्याच नावानं मागतात.

कॅमेरा कुणाच्या हातात?

आता आईच्या प्रश्नाकडं येते, 'हे कुणी बघून ठेवलं?'

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, जाड ओठ रंगवून काळ्यांची सोंगं करायचे. काळ्यांची गाणी, काळ्यांचा नाच, काळ्यांची बोली, सगळं उचललेलं. पैसे आणि टाळ्या गोऱ्यांना, आणि ज्यांची कला त्यांची मात्र टिंगल. १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' नावाचा मोठा सिनेमा आला. त्यात काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांना गुंड दाखवलं आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या टोळीला शूरवीर. त्यावर उत्तर कुणी दिलं? ऑस्कर मिशो नावाच्या माणसानं. बाप गुलामीत जन्मलेला. हा स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकायचा. त्यानं स्वतः पैसे उभे करून सिनेमे काढले. त्याचा १९२० चा 'विदिन अवर गेट्स' आजही बघायला मिळतो. त्यात कृष्णवर्णीय शिक्षिका गरीब पोरांच्या शाळेसाठी वणवण करते. सोंगातला काळा आणि घरातला काळा यांतला फरक लोकांना तिथं दिसला.

आपल्या मातीचं आणि त्या लढ्याचं नातं जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. मुंबईत १९७२ साली तरुणांनी दलित पँथर काढली, ते नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आणि अलीकडं, २०२३ साली, एव्हा ड्युव्हर्ने या कृष्णवर्णीय बाईनं 'ओरिजिन' नावाचा सिनेमा केला, तो जात या विषयावर! इझाबेल विल्करसन या लेखिकेच्या पुस्तकावरून. त्यात बाबासाहेब आहेत, आणि आपल्या शेजारच्या नांदेडचे अभ्यासक सूरज येंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. मोठ्या स्टुडिओच्या बाहेर राहून, संस्थांकडून पैसा उभा करून तिनं हा सिनेमा पुरा केला. आपलं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून बघणं, याला मी खरी बहिणाई म्हणते.

घेतलं, पण काय सोडलं?

दुसऱ्याचं काही घेऊच नये का? तसं म्हटलं तर जगातली निम्मी गाणी आणि निम्म्या भाज्या बंद कराव्या लागतील. प्रश्न घेण्याचा नाही. घेताना काय उचललं आणि काय फेकून दिलं, याचा आहे.

'सैराट' आठवा. २०१६ साली आर्ची-परशानं आपल्या गावागावांत वेड लावलं. अकलूजची रिंकू राजगुरू, सावळी, बुलेटवर बसलेली. कित्येक सावळ्या पोरींनी त्या वर्षी पहिल्यांदा आरशात नीट बघितलं असेल. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याचाच हिंदी अवतार आला, 'धडक'. उदयपूरचे महाल, देखणे कपडे, सिनेमाच्या घराण्यातली गोरीपान नायिका. झिंगाटही घेतलं. पण ज्या जातीपायी ती दोन लेकरं मारली गेली, ती जात हळूच बाजूला सारली. मीठ काढून घेतलेल्या भाकरीसारखं झालं. मूळ सिनेमात शेवटी रक्तात पाय भरवून बाहेर येणारं लेकरू बघून थिएटर गप्प झालं होतं. ती शांतता काही विकत घेता येत नाही.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण लावणीचं. शाळेच्या गॅदरिंगला आपण आपल्या लेकींना नऊवारी नेसवतो, अंबाडा घालतो, लावणीवर नाचवतो. टीव्हीवरच्या स्पर्धेत टाळ्या पडतात. छान आहे, माझी तक्रार नाही. पण ज्यांच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्या संगीत बारीतल्या बायांना आपण हळदीकुंकवाला बोलावतो का? १९७२ च्या 'पिंजरा'मध्ये तमासगीर बाई आली ती सज्जन मास्तराचा घात करायला. तिच्या बाजूनं जग कसं दिसतं, हे बघायला सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांचा २००८ चा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट यावा लागला. त्यात या बाया मेकअप करता करता आपल्या लेकरांच्या फीबद्दल, आयुष्याबद्दल बोलतात. घुंगरू आपल्याला हवे असतात, पण ज्या पायात ते बांधलेले असतात, ते पाय आपल्या उंबऱ्याच्या आत नको असतात.

म्हणजे बाहेरच्या माणसानं दुसऱ्याची गोष्ट सांगूच नये, असंही नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ साली थिएटरात आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात म्हातारे लोकशाहीर झाले वीरा साथीदार, नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे ज्यांचं जगणं, त्यांनाच पुढं केलं. अंगावर काजळी फासून सोंग आणणं वेगळं आणि खुर्ची सरकवून 'तुम्ही बोला' म्हणणं वेगळं. साथीदार २०२१ मध्ये करोनात गेले, पण त्यांचा तो करारी आवाज त्या सिनेमात राहिला आहे.

रंगाचे दोन तोळे

आता राहिलं आमच्या घरचं. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. पोरगी पसंत होती! वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. मग भावाचा चेहरा उतरला. पलीकडून निरोप होता, पोरगी हुशार आहे, घराणं चांगलं आहे. "पण रंग बघता सोन्याचं जरा वाढवा. दोन तोळे जास्त धरा."

रंगाचे दोन तोळे!

भाऊ कागद-पेन घेऊन बसला. कापूस अजून घरात होता, भाव पडलेला. सोयाबीन पावसानं गेलेलं. सोसायटीचं कर्ज होतं. तो बोटं मोजायला लागला. तेवढ्यात भाची स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ तसंच होतं.

"बाबा, माझ्या रंगाचे पैसे द्यायचे नाहीत."

"अगं, पण स्थळ चांगलं आहे..."

"असंल. पण आज दोन तोळे दिले, की उद्या मला पोरगी झाली अन् ती माझ्यावर गेली, तर तिचे किती द्यायचे?"

कुणाला उत्तर सुचेना. मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार होते? परवा त्या बाईनं बाही वर सारली, तेव्हा मी गप्पच बसले होते ना! शिकलेली, पेपरात लिहिणारी आत्या. जब्याच्या गावातल्या बघ्यांसारखीच मीही भिंतीला टेकून उभी होते. तो दगड माझ्याकडंही आलेला होता.

मग इतका वेळ वाती वळत बसलेली आई बोलली. "माझ्या वेळेला बापानं माझ्यासंगं एक गाय जास्त दिली होती. रंगापायी. सासूनं त्या गायीचं नावच काळी ठेवलं. काळी म्हणून हाक मारली, की आम्ही दोघी वळून बघायचो."

पन्नासच्या वर वर्षं झाली त्या लग्नाला. मी तिची थोरली लेक. मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत आई पुढच्या रांगेत का नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊ उठला. अंगणात गेला, बराच वेळ लिंबाखाली उभा राहिला. मग त्यानं मध्यस्थाला फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नाही जमायचं. पोरगी हाय तशी न्यायची असंल, तर या."

ते परत आले नाहीत. वहिनी दोन दिवस जेवली नाही, हेही खरं. पुढचं स्थळ येईल तेव्हा काय होईल, मला ठाऊक नाही. लोक नावं ठेवतात, भाचीचं वय वाढतंय, आणि भावाच्या कपाळावरची आठी काही एका पिक्चरनं पुसली जात नाही. सिनेमा बघून जग बदलत नसतं. पण मला वाटतं, एक गोष्ट होते. जे आपण आजवर नशीब म्हणून गिळलं, ते पडद्यावर समोर आलं की कळतं, हे नशीब नव्हतं, ही कुणीतरी लावलेली सवय होती. आणि लावलेली सवय मोडता येते. मग एखादी पोरगी पिठाच्या हातानं येऊन ते बोलून दाखवते.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगणं आहे. दुपारच्या मालिकेतून तीन तास काढा आणि लेकीला, सुनेला, सासूला सोबत घेऊन हे सिनेमे बघा. 'फँड्री' बघा, 'स्थळ' बघा. बघून झाल्यावर लगेच उठू नका. थोडं बसा आणि एकमेकींना विचारा, तुझ्या वेळी काय झालं होतं? बघा, किती गायी, किती तोळे बाहेर येतात. आणि पुढच्या वेळी कुणाच्या पोरीची बाही वर सारली जात असेल, तर माझ्यासारखं गप्प बसू नका. तो हात धरा. एवढं आपल्याला नक्कीच जमण्यासारखं आहे.

परतीच्या दिवशी मी पिशवी भरत होते. ओसरीवर भाचीनं आजीला उजेडाकडं तोंड करून बसवलं होतं आणि समोर डब्यावर मोबाइल टेकवला होता.

"आजी, ती गायीची गोष्ट पुन्हा एकदा सांग. पहिल्यापासून."

आईनं पदर सावरला, केसांवरून हात फिरवला. "अगं, थांब. जरा पावडर तरी लावू दे."

"नको. अशीच बस."

आई क्षणभर बघत राहिली. मग हसली, सरळ बसली, आणि सांगायला लागली.

माझी काळीपिवळी चुकली त्या दिवशी. देवगाव फाट्यावरून पुढची गाडी दोन तासांनी मिळाली. पण मी चुकवली ती मुद्दाम.